ओट्यावरचा उजेड

मराठ्यांच्या इतिहासात हडपसरचे नाव येते ते मुख्यतः एका लढाईमुळे, आणि ती लढाई झाली ऐन दिवाळीत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा येथे पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला तो महाडमार्गे कोकणात उतरून अखेर वसईला पोहोचला, आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. लढाया लिहिणाऱ्यांना तोफांत, घोड्यांत आणि तहाच्या कलमांत रस असतो. सणाच्या त्या संध्याकाळी, धूळ खाली बसल्यावर, कोणा घरात चूल पेटली असेल तर ती कोणत्या दिव्याच्या उजेडात, हा त्यांचा विषय नव्हे. आज मी नेमका तोच विषय घेणार आहे. तोफांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

विषय सुचला तो मात्र जुन्या कागदांतून नव्हे. आमचे हडपसर हे मुठेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला पिकवणारे गाव. २००० सालच्या सुमारास मगर मंडळींनी, म्हणजे शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी, आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली, आणि त्यानंतर सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारतींचे पीक आले. या इमारतींत राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक प्रश्न पडतो. ओट्यावरच्या भिंतीला जी कपाटे लावतात, त्यांच्या तळाशी कोणता दिवा बसवायचा? पांढरा की पिवळा, पट्टी की गोल, पुढे की मागे? शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की महिन्यातून एकदा तरी हा विषय निघतो. ऐकणाऱ्याला तो चैनीचा वाटेल. मला तो तसा वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्या जुन्या घरांत दिव्यांची उतरंड होती. देवापुढे समई आणि निरांजन, ओसरीवर साखळीला टांगलेला लामणदिवा, माजघरात ठाणवईवरचा दिवा, वाटेवर टेंभा नाही तर मशाल. स्वयंपाकघराच्या वाट्याला यायची ती देवळी: भिंतीत कोरलेला वीतभर कोनाडा, त्यात एक पणती, आणि पणतीच्या वर भिंतीला चिकटलेली पिढ्यानुपिढ्यांची काजळी. देशावर करडईचे तेल आणि एरंडेल, कोकणात उंडीचे आणि करंजाचे कडू तेल. जे तेल पोटात जाऊ शकते ते दिव्यात ओतताना हात आखडणारच, म्हणून वात बारीक आणि वेळ मोजका. दिवा विझवला असे जुनी माणसे म्हणत नसत. दिवा मालवायचा, शांत करायचा, त्याला निरोप द्यायचा. दिवेलागण हे तर घड्याळातले एक ठिकाणच होते.

एका वातीचा उजेड तो केवढा? फार तर एका मेणबत्तीइतका. आजच्या मापात सांगायचे तर दहा-बारा लुमेन. आज दुकानात मिळणारा नऊ वॅटचा एलईडी बल्ब नऊशेच्या आसपास लुमेन देतो. म्हणजे आपण सहज बटण दाबतो तेव्हा पाऊणशे पणत्या एकदम पेटवतो. मग त्या एका पणतीत बायका स्वयंपाक करीत कशा?

त्यांनी दिव्याऐवजी दिवसच लावून घेतला होता. निवडणे, टिपणे, पाखडणे, दळणातले खडे वेचणे ही डोळ्यांची कामे दुपारी सोप्यात किंवा अंगणात उरकायची. रात्रीचा स्वयंपाक उन्हे कलायच्या आत आटोपायचा. धाब्याच्या घरांना छपरात साणे असे, त्यातून धूर वर जाई आणि उजेड खाली येई. पुढे मंगळूरी कौले आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला त्यांचा कारखाना काढला होता. त्या कौलांच्या रांगेत मधूनच एखादे काचेचे कौल बसवता येऊ लागले आणि चुलीजवळ उन्हाचा एक चौकोन पडू लागला. अंधार पडल्यावर राहायचे ते भाकरी थापणे आणि वाढणे, आणि त्याला चुलीचा जाळही साथ देई. शिवाय देवळी असे ती चुलीपासून हातभरावर. लहानशा दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम त्या बायकांनी पुस्तकात वाचला नव्हता, पण देवळी कोठे कोरायची हे गवंड्याला सांगताना तो त्यांच्या हिशेबात होता. दिवा लहान, पण कामाच्या जवळ. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे एकदा हरवणार आहे.

मग खनिज तेल आले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८५९ साली विहीर खणून तेल काढले गेले आणि पुढच्या काही दशकांत ते आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचले. त्याला आपण दोन नावे दिली आणि दोन्ही इंग्रजी नावांची मोडतोड करून. ‘रॉक ऑइल’चे झाले रॉकेल आणि ‘गॅस लाइट’चे झाले घासलेट. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले होते. त्या नव्या उजेडाचे नाव दुकानातल्या तेलाला कसे चिकटले याची मला नेहमी गंमत वाटते. तेल आले आणि तेलाबरोबर चौकोनी पत्र्याचा डबाही आला. तेल संपले तरी डबा घर सोडीना. कापून त्याची सुपली झाली, घासून तो धान्याला लागला, कडी लावून पाण्याला लागला.

रॉकेलने स्वयंपाकघराला दिली ती चिमणी. खरे तर चिमणी म्हणजे दिव्यावरची काच. पण जिला काच नाही अशा पत्र्याच्या किंवा बाटलीच्या टोपणात वात खोवलेल्या दिव्यालाच आपण ते नाव देऊन टाकले. काचेचा कंदील बाहेरच्या खोलीत, हिशेब लिहिणाऱ्यापाशी, अभ्यास करणाऱ्या मुलापाशी. चुलीपाशी उघड्या ज्योतीची चिमणी. तिचा वास पोळीला लागे, तिची काजळी नाकात साठे, आणि ती कलंडली तर पदर पेटे. एरंडेलाच्या दिव्यावरची काजळी बायका डोळ्यांत काजळ म्हणून घालीत. रॉकेलच्या काजळीने कोणी काजळ केल्याचे मी ऐकले नाही.

कंदिलाचा इतिहास मात्र आपल्या अभिमानाचा आहे. बाजारात डिट्झसारखे अमेरिकन कंदील होते. स्वदेशीच्या लाटेत माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावला काच कारखाना काढला. तेथे तयार झालेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काच कारखाना सुरू केला आणि त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घराघरांत गेला. वडिलांच्या नावाचा कंदील, आणि नावाचा अर्थ सूर्य! दिवस मावळला की त्या कंदिलाची काच राखेने आणि फडक्याने पुसणे हे घरातल्या मुलांचे काम असे, कारण काचेच्या तोंडातून मोठ्यांचा हात आत जात नसे. आमच्या घरी अजून एक प्रभाकर आहे. त्याची काच मात्र दुसरीच आहे.

याच सुमारास वर्ध्याला वेगळाच विचार चालू होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मंडळींनी मगनवाडीत मगनदीप नावाचा दिवा तयार केला. रॉकेलऐवजी गावात निघणाऱ्या तेलावर चालणारा कंदील. परदेशी तेलाच्या डब्याबरोबर गावचा पैसा बाहेर जातो, तो थांबवावा, असा त्यामागचा हेतू. त्याच मगनवाडीने धूर बाहेर काढून देणारी मगनचूलही दिली. मगनदीप फार पसरला नाही. पण १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारे तेल बंद झाले, रॉकेलसाठी रांगा लागल्या, तेव्हा त्या मंडळींचा हिशेब खुळा नव्हता हे पुष्कळांना उमगले असेल. मला तर हे मगनवाडीचे लोक फार थोर वाटतात, कारण देशाचे राजकारण चाललेले असताना त्यांनी चूल आणि दिवा या दोन वस्तूंकडे बुद्धी लावून पाहिले.

विजेची कथा आपण अभिमानाने सांगतो, तिच्यात एक खेदाची बाजू आहे. टाटांची खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. विजेची भूक वाढली आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मुळशीला धरण घालायचे ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे पुढारी. धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. दूरच्या शहरात दिवे लागावेत म्हणून ज्या गावांच्या चुली पाण्याखाली गेल्या, त्यांची आठवण दिव्याच्या इतिहासात ठेवली पाहिजे. मी सहावीला शिकवताना धरणांची यादी पाठ करून घेते त्या दिवशी मुळशीपाशी थांबते. यादी त्या दिवशी पुरी होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

वीज आधी गिरणीत, मग रस्त्यावर, मग दिवाणखान्यात आणि सर्वांच्या शेवटी स्वयंपाकघरात शिरली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाले, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि खांब गावोगाव निघाले. पण घरात शिरल्यावरही तिने जुनी उतरंड पाळली. बाहेरच्या खोलीत साठचा बल्ब, आत पंधराचा. चाळीत तर दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून त्यात एकच बल्ब बसवीत, अर्धा उजेड इकडे आणि अर्धा तिकडे. बाहेर कोणी वाचत नसले तरी बाहेरचा दिवा चालू राहायचा आणि आत कोणी वावरत नसले की आतला लगेच बंद. वीजबिलाचा धाक फक्त आतल्या खोलीला होता. आमच्या सासूबाई म्हणतात, “आम्ही तांदूळ बोटांनी निवडले गं, डोळ्यांनी नाही.”

यानंतर जो बदल झाला तो दिव्याचा नव्हता, उभे राहण्याचा होता. चुलीपुढे, शेगडीपुढे, पंप मारायच्या स्टोव्हपुढेसुद्धा बाई बसत असे. विळी जमिनीवर, परात जमिनीवर, आणि खोलीच्या मधोमध टांगलेला बल्ब डोक्यावर. सावली पडे ती मांडीखाली. १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत बर्शेन नावाने सिलिंडरचा गॅस विकायला काढला, पुढच्या वीस-तीस वर्षांत तो मध्यमवर्गात रुजला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणून ओटा आला. कडप्प्याचा, मग ग्रॅनाइटचा. बाई उभी राहिली हे फार चांगले झाले, गुडघे आणि कंबर वाचली. पण ओटा असतो भिंतीला लागून. बाईचे तोंड भिंतीकडे, आणि दिवा मागे, छताच्या मध्यावर किंवा दारावरच्या ट्यूबमध्ये. म्हणजे भाजी चिरताना जी सावली सुरीवर पडते ती तिची स्वतःचीच. देवळीने जपलेले सूत्र येथे हरवले. दिवा चाळीसपट मोठा झाला आणि पाठीमागे जाऊन बसला. त्यावर वरून भिंतीला कपाटे आली, आणि ओट्याची आतली निम्मी बाजू, जेथे तिखटामिठाचे डबे असतात, कायमची अंधारात गेली.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. अशी हजारो स्वयंपाकघरे बांधली गेली. आज जगभरच्या ओटे-कपाटांची ती आजी समजतात. त्यात कामाची जागा खिडकीशी होती, आणि छताला एक पट्टी होती, तिच्यावरून दिवा सरकवून हव्या त्या जागी आणता येई. पुढच्या लोकांनी तिची कपाटे घेतली, ओटा घेतला, मापे घेतली. सरकता दिवा तेवढा गाळला. आराखडा करणाऱ्यांपैकी किती जण रात्री आठ वाजता कोथिंबीर निवडीत होते?

आता एलईडीने ही चूक दुरुस्त करण्याची सोय केली आहे. तांबडा एलईडी १९६२ सालचा, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागतो, आणि तो साधायला आणखी तीस वर्षे गेली. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना त्यासाठी २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ५ जानेवारी २०१५ रोजी सरकारी योजना सुरू होऊन एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले. बोटभर रुंद पट्टीत हे दिवे बसतात, फार तापत नाहीत, आणि म्हणून कपाटाच्या तळाशी लावता येतात. देवळी परत आली असे म्हणायला हरकत नाही, फक्त काजळी नाही.

आमच्या घरी ही पट्टी लावायची ठरली तेव्हा सुतार तीन नमुने घेऊन आला. “ताई, पांढराच घ्या. उजेड भरपूर पडतो,” तो म्हणाला. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भरपूर पडतो म्हणजे कुठे पडतो रे बाळा?” मला वाटते, या साऱ्या प्रकरणात याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. सुताराने पट्टी कपाटाच्या मागच्या कडेला, भिंतीशी धरली होती. टाइल्स लखलखत होत्या आणि चिरायची फळी अर्धी काळोखात. “पुढच्या कडेला धर,” सासूबाईंनी सांगितले. पुढे धरल्यावर फळीवर उजेड आला. पण पट्टी डोळ्यांत खुपू लागली, म्हणून कपाटाच्या पुढच्या कडेला दीड इंचाची लाकडी पट्टी खाली सोडायला सांगितली. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, चकचकीत. त्यात एलईडीचे ठिपके चांदण्यांसारखे दिसत. सुताराला ते आवडले, आम्हांला नाही. दुधी आवरण असलेली अॅल्युमिनियमची खोबण घेतली, ठिपके गेले.

रंगाचा निकाल आम्ही हळदीवर लावला. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या उजेडात हळद फिकी, किंचित हिरवट दिसे आणि मेथीतली पिवळी पाने हिरव्यात लपत. २७०० केल्विनचा पिवळा उजेड बसायच्या खोलीत सुरेख, पण त्यात कांदा परतायला घातल्याबरोबर तांबूस दिसू लागतो; कच्चा कांदा भाजला असे वाटून मसाला पडायचा. मधला, ४००० केल्विनचा घेतला. त्याहून महत्त्वाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो, रंग किती खरे दिसतात त्याचा. शंभरपैकी ९० च्या वरचा पाहून घ्यावा. मटकीला बुरशी धरली आहे की ते मोडच आहेत हे ज्याला ओळखायचे आहे, त्याने तेथे काटकसर करू नये.

सासूबाईंचे वय ७४. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ज्या घरात म्हातारी माणसे ओट्याशी उभी राहतात, तेथे तरुण वायरमनच्या अंदाजाने दिवा ठरवणे हा अन्यायच आहे. “एवढा कशाला, तुम्हांला काय शस्त्रक्रिया करायची आहे?” असे आमच्या वायरमनने हसत विचारले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी सलग नको, मीटरला वॅट जास्त असलेली हवी, असे त्याला समजावले. हे शब्द त्या कोठे शिकल्या देव जाणे.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगते. शेगडीच्या थेट वर पट्टी लावू नये. वाफ आणि फोडणीचे तेल तिच्यावर बसते. मोरीजवळची पट्टी पाण्यापासून बंदिस्त असलेली घ्यावी. वीज उतरवून देणारा जो लहान डबा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कपाटात कोंडू नये, हवा लागेल असा आणि हात पोहोचेल असा ठेवावा, कारण पट्टीच्या आधी तोच जातो. आवरण आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावे. हे काम आमच्याकडे मुलाकडे आहे.

शेवटचा वाद बटणाचा झाला. वायरमनने ते दाराजवळच्या पाटीवर, इतर बटणांच्या रांगेत द्यायचे ठरवले होते. वायर कमी लागते. सासूबाईंनी ओट्याशी उभे राहून, पिठाचे हात वर धरून, कोपराने हवेत एक जागा दाखवली. आता बटण तेथे आहे, मिक्सरच्या सॉकेटच्या डाव्या बाजूला, मोठे, कोपराने दाबता येईल असे. वायर अकरा फूट जास्त लागली.